शहाऐंशी टक्के सुरक्षित नळी

कोणतीही वस्तू फुटेपर्यंत सुरक्षित असते. जगातील सर्व प्रमाणपत्रे याच तत्त्वावर उभी आहेत. सानपाड्याच्या 'निश्चिंत' सहकारी गृहनिर्माण संस्थेने (मर्यादित) १९९६ च्या जानेवारीत हे तत्त्व फार उंचीवर नेऊन ठेवले.

निमित्त बाबासो शेडगे यांच्या बंदुकीचे. बाबासो मूळचे साताऱ्याकडचे, बाजारात कांद्याच्या गोणी वाहणारे, तळमजल्यावरचे भिडस्त गृहस्थ. त्यांच्या खापरपणजोबांना कुणा संस्थानिकाने दोन नळ्यांची ठासणीची बंदूक दिली होती. (परवाना होता.) नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, चकलीसारख्या गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. त्यामुळे अंगभर सुरेख लाटा उमटलेल्या. "सव्वीस जानेवारीला झेंड्याला सलामी आपल्या बंदुकीची!" असे बाबासो एकदा जिन्यात बोलून गेले आणि टाळ्या पडल्या. आता माघार घेतली तर चारचौघांत नाक जाणार होते, आणि बार काढला तर तेच नाक बोटांसकट जाण्याचा संभव होता.

पत्नी बाळाबाई यांनी विरोधी मत नोंदवले. "पन्नास वर्सं खुंटीला हाय, ऱ्हाऊ द्या की! हात तुटला तर गोण्या काय दातानं उचलणार?"

संस्थेने रीतसर तपासणी सुरू केली. विषय नळीचा असल्याने तो पाणी उपसमितीकडे गेला आणि उपसमितीने प्लंबर मिथुन यांना पाचारण केले. त्यांनी बुडाच्या छिद्रांना साबण लावला, नळ्यांत पाणी भरले आणि बंदूक चोवीस तास मोरीत उभी केली. अहवाल तोंडी होता. "लीकेज नाय, टेन्शन नाय. आपल्या बिल्डिंगच्या पायपांपेक्षा कडक आहे, बॉस."

दुसरे मत म्हणून मोरा गावाहून पंढरी नावाच्या म्हाताऱ्यांना बोलावले. त्यांचा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला होता, त्यामुळे समितीला ते एकांगी वाटले. त्यांनी नळ्या दस्त्यापासून सोडवून दोरीला टांगल्या आणि एकेकीवर लाकडाने टिचकी मारली. उजवी घंटेसारखी घुमली. डावी फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली.

"डावीच्या जोडान गंज हाय," पंढरी म्हणाले, "त्यो बाहेरशी डोल्यांना दिसत नाय. भिंतीला टांगा नि बघत बसा."

हे मत नकारात्मक म्हणून फेटाळण्यात आले. (चहा मात्र पाजला.) मग मतदान झाले. सुरक्षित: सहा. असुरक्षित: एक (बाळाबाई, त्या समितीवर नव्हत्या, खिडकीतून ओरडल्या). म्हणजे नळी शहाऐंशी टक्के सुरक्षित ठरली. पोलिसांना कळवावे काय, यावर पाच सभासद 'नको' म्हणाले आणि एक तटस्थ राहिले. (ते पोलिसात होते.) अध्यक्ष जयप्रकाश यांनी प्रमाणपत्रावर सही करून शिक्का मारला. उरलेल्या चौदा टक्क्यांना बाबासोंनी खांदा लावायचा होता.

सव्वीस तारखेला झेंडा फडकला. बाबासोंनी दोन्ही नळ्या ठासल्या आणि मागे वळून पाहिले. अध्यक्ष पाण्याच्या टाकीमागे होते. सचिव अध्यक्षांच्या मागे होते. मिथुन रस्त्यापलीकडे होते.

"अध्यक्ष, सेफ हाय म्हनता, मग या की हितं जवळ!"

"नको नको, मान तुमचा आहे, बाबासो! आमी उगाच गर्दी नाय करत!"

आयुष्यभर लोकांची ओझी वाहिलेल्या बाबासोंना कळले की हे प्रमाणपत्रही आपल्याच पाठीवर आहे. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपाठोपाठ अक्कल आली. चारचौघांतले नाक जाऊ दे, तोंडावरचे राहू दे, असा ठराव त्यांनी एकमताने मंजूर केला. बंदूक एका जुन्या टायरला बांधली, चापांना बाळाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि भिंतीआड आडवे पडून ती ओढली.

उजवी गर्जली. डावी चकलीसारखी उकलली आणि टायर आरपार फाटला. बाबासोंनी आपली दहा बोटे दोनदा मोजली.

इतक्यात त्या हादऱ्याने त्यांच्याच खिडकीवरचा सज्जा खाली आला. बाळाबाई रोज त्याच्याखालीच गहू निवडत. सुदैवाने त्या दिवशी त्या नवऱ्याला शिव्या देत झेंड्यापाशी उभ्या होत्या.

समितीने नोंद केली, 'सलामी संपन्न. एक नळी ध्वजास अर्पण.' सज्ज्याचीही फाइल निघाली. तीत इमारत सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र होते. तोच शिक्का, त्याच सह्या. तपासणीची पद्धत: गच्चीवर पाणी ओतून पाहिले.

बाबासोंनी ते दोनदा वाचले. "बंदुकीपास्नं लपायला टाकी तरी व्हती," ते म्हणाले. "या बिल्डिंगपास्नं लपायला कुठं जायचं?"

असेच एक प्रमाणपत्र आपल्याही जिन्याखाली काचेत लावलेले असेल. शिक्का ठळक आहे, काळजी नसावी. फक्त सही करणारे गृहस्थ सध्या कुठे राहायला गेले आहेत, तेवढे सवडीने विचारून घ्या. (तोवर छताकडे पाहून शिंकू नये.)