मंजूर झालेले चौकोन

"चिनी काय नि जपानी काय, एकदा फॉन्ट बसवला की सगळ्या भाषा सुतासारख्या सरळ!" फॉन्टभाऊंनी भर मीटिंगमध्ये हे वाक्य टाकलं आणि वर टेबलावर थापही मारली.

फॉन्टभाऊ हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत प्रकाशन विभाग नावाची एक खोली होती. तिच्यात एक कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि एक फॉन्टभाऊ! पंपाच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी जन्मात कोणी वाचत नाही, ती ते तयार करत. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरानवरीच्या नावाआधी ते तिचा फॉन्ट ओळखून दाखवत. लोकांनी नाव ठेवलं ते उगाच नाही.

थाप मारण्याला कारणही तसंच होतं. जपानी खरेदीदार कारखाना बघायला येणार होते आणि त्यांच्या हातात त्यांच्याच भाषेतली पुस्तिका ठेवायची होती. हे काम बाहेर द्यावं आणि विभागाला कुलूप लावावं, असं साहेबांच्या मनात घोळत होतं.

"जमलं तर तुम्ही विभागप्रमुख, केबिनसकट," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर गोदामात जायचं. खोकी मोजायला!"

घरी बायकोने एकच प्रश्न विचारला. "अहो, पण तुम्हाला जपानी येतं कुठे?"

"अगं, वाचायचंय कुणाला? छापायचंय!"

"बरं. मग गोदामात डबा किती वाजता पाठवू, तेवढं सांगा."

अनुवाद बाहेरून करून आला. स्क्रीनवर तो असा देखणा दिसत होता की फॉन्टभाऊ हरखून गेले. आता त्याची पीडीएफ करायची. त्यासाठी सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं, की बाबा रे, अमुक भाषेला अमुक फॉन्ट वापर. फॉन्टभाऊंनी सगळ्या भाषांपुढे आपला एकच लाडका फॉन्ट लिहून टाकला. त्या बिचाऱ्या फॉन्टात जपानी अक्षर औषधालाही नव्हतं! आणि हे सॉफ्टवेअर मोठं मुरलेलं असतं. अक्षर सापडलं नाही तर ते ओरडत नाही, कुणाला विचारत नाही. त्या जागी एक रिकामा चौकोन ठेवतं आणि पुढे जातं. मुरलेले कर्मचारी करतात अगदी तसंच.

यंत्रातून पानं बाहेर पडायला आणि साहेबांचं बोलावणं यायला एकच गाठ पडली. फॉन्टभाऊंनी पुस्तिका टाचली, उचलली आणि न बघताच मीटिंगमध्ये नेऊन ठेवली.

साहेबांनी पहिलं पान उघडलं. वर पंपाचं चित्र. खाली चौकोन. चौकोनाशेजारी चौकोन, त्याच्याखाली चौकोन, पानाच्या पार टोकापर्यंत चौकोनच चौकोन! फॉन्टभाऊंच्या डोळ्यांसमोर गोदाम नाचू लागलं.

"वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात शिस्त! एक अक्षर दुसऱ्यापेक्षा मोठं नाही!"

"नाहीतर आपली भाषा," विक्रीप्रमुखांनी लगेच री ओढली. "वेलांट्या काय, उकार काय, नुसता पसारा!"

तपासनीस बाईंनी चष्मा चढवला. प्रत्येक कागदात एक तरी चूक काढायची, हा बाईंचा नेम. "तिसऱ्या ओळीतलं हे अक्षर मला जरा खटकतंय."

"का हो?"

"शेजारच्यासारखंच आहे. पुनरुक्ती होतेय!"

"साहेब, खरं म्हणजे ते..." फॉन्टभाऊंनी तोंड उघडलं.

"अहो, लाजताय काय!" साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि सही ठोकली. मागोमाग विक्रीप्रमुखांची सही. पुनरुक्ती पोटात घालून बाईंचीही.

फॉन्टभाऊ खोलीकडे अक्षरशः पळाले. खरा जपानी फॉन्ट आणला, बसवला. पुन्हा दगाफटका नको म्हणून एक फॉन्ट नसेल तर दुसरा घे, दुसरा नसेल तर तिसरा, अशी भक्कम तटबंदी करून ठेवली. चिनीचीही सोय लावून टाकली. नवी पुस्तिका निघाली. अक्षरन् अक्षर जागच्या जागी! धापा टाकत ते साहेबांपुढे उभे राहिले.

साहेबांचा चेहरा आंबट झाला. "हे काय? शाईत पाय बुडवून कोंबडी नाचलीय का कागदावर?"

"साहेब, खरी जपानी हीच."

"मग मी सही केली, ती कोणती?"

शेजारीच बसलेल्या तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "मंजूर मजकूर चुकीचा असेल, तर मंजूर करणाऱ्यांची चौकशी लावावी लागेल."

"मंजूर ते मंजूर!" साहेब गरजले. चौकोनच छापून झाले.

"अहो, सरळ सांगून टाका ना साहेबांना," बायको म्हणाली.

"काय सांगू? रिकाम्या चौकोनांचं कौतुक केलंत म्हणून?"

"मग गोदामात पंखा आहे का, तेवढं तरी बघून ठेवा."

पाहुणे आले. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांच्या हातात साहेबांनी दोन्ही हातांनी पुस्तिका दिली. फॉन्टभाऊ दाराशी उभे होते, म्हणजे पळायला बरं. गृहस्थांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. पुस्तिका उलटी धरून पाहिली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं! फॉन्टभाऊंनी डोळे मिटून घेतले. आता हे तक्रार लिहिणार!

डोळे उघडले तेव्हा गृहस्थ एकेका चौकोनात एकेक अक्षर भरत बसले होते आणि लहान मुलासारखे खुलले होते. ते भराभरा काहीतरी बोलले. सोबतच्या दुभाषी बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, लहानपणी शाळेत आम्ही अशाच चौकोनांच्या वह्यांत निबंध लिहायचो. वर चित्र, खाली चौकोन. इतक्या लांब कोणी आमच्यासाठी अशी वही करेल, असं वाटलं नव्हतं. त्यांना ही फार आवडली. त्यांच्या दुकानांसाठी भरपूर हव्यात. फक्त पंपाऐवजी मांजरांची चित्रं टाका. आणि चिनी ग्राहकांसाठीही वेगळी काढा."

"आणि पंप?" साहेबांनी घसा खाकरत विचारलं.

दुभाषी बाईंनी विचारून घेतलं. "पंपाचं पुढे बघू म्हणतात."

कौतुकाला मात्र उधाण आलं. ही कल्पना मुळात आपलीच, असं साहेबांनी जेवताना सगळ्यांना सांगितलं. तरी शब्द पाळला. फॉन्टभाऊ विभागप्रमुख झाले. काचेची केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी! खुर्चीत एक गिरकी घेऊन त्यांनी मांजर टाकलं, खाली मजकूर सोडला आणि बटण दाबलं.

सुरेख जपानी अक्षरं उमटली.

फॉन्टभाऊंनी जपानी फॉन्ट काढून टाकला. दुसरा धावून आला. तो काढला, तर तिसरा हजर! तो हाकलावा, तर चिनी फॉन्ट शेजारधर्माला जागून मदतीला आला. एवढी तटबंदी आपण नेमकी कुठे कुठे केली होती, ते काही केल्या आठवेना. जगात कुणाला मिळाली नसतील इतकी शुद्ध, टपोरी अक्षरं पानापानावर उमटत होती आणि फॉन्टभाऊ एका चौकोनासाठी घाम पुसत होते.

काचेवर टकटक झाली. "झाली का वही?" साहेबांनी विचारलं.

"होतेच आहे, साहेब!"

साहेबांची पाठ वळली तसा त्यांनी घरी फोन लावला.

"काय हो, डबा कुठे पाठवू?" बायको म्हणाली. "केबिनमध्ये की गोदामात?"

"केबिनमध्येच! आणि डब्यासोबत पोरीच्या दप्तरातली पट्टी पाठव."

"पट्टी? ती कशाला?"

विभागप्रमुखांनी केबिनचं दार लोटून घेतलं. "पेन्सिलही पाठव," ते हळूच म्हणाले. "चांगलं टोक काढून."