प्रकाशाच्या पुढे, केकच्या मागे

१९०५ सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी डॉक्टर ओटोकार वेंटलांट यांनी आपल्या लेखाची पानं मोजली. शेवटच्या पानाचा कोपरा फाटला होता, आणि आठ महिन्यांच्या गणिताचं उत्तर नेमकं त्याच कोपऱ्यात होतं.

लेखाचा विषय होता प्रकाशापेक्षा वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन. दुपारी बारापर्यंत तो प्रोफेसर टेगेलरांच्या हाती पडला, तरच गॉटिंगेन विद्यापीठातली रिकामी जागा मिळण्याची थोडीफार आशा होती.

"अगं हेडविग, हा कोपरा कुणी फाडला?"

"मी. मागून कोराच होता की! बेकरीच्या भट्टीत वीस घरांचे प्लमचे केक जातात, ताटावर नावाची चिठ्ठी नको?" त्यांच्या पत्नी हेडविगबाईंनी हात पुसले. "आणि लेख अजून घरातच? तुमचा तो इलेक्ट्रॉन तरी आपणहून पळतो का?"

"तसा नाही," वेंटलांट ओशाळून म्हणाले. "प्रकाशाच्या पुढे गेला की नुसतं चालत राहायलाही त्याला सारखं ढकलावं लागतं."

"घरचंच उदाहरण घेतलंत म्हणा की! पळा आता!"

वेंटलांट पळाले. पण बेकरीत पोचल्यावर सवयीने रांगेत उभे राहिले आणि घाईत असलेल्या पाच बायकांना त्यांनी पुढे सोडलं.

"तुमच्या नावाचं ताट नव्हतं हो," बेकर क्रोगर डोकं खाजवत म्हणाला. "एका ताटावर नुसती ग्रीक अक्षरं होती. म्हटलं, एवढं अगम्य ते टेगेलरसाहेबांचंच असणार. दिलं पाठवून!"

चिठ्ठी उलटी लागली होती तर!

टेगेलरांनी स्वतःच दार उघडलं. दाढीत प्लमचा रस, हातात भाजून तपकिरी झालेली चिठ्ठी.

"हे तुमचं? बसा. आजच भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचा नवा अंक आलाय. बर्नच्या पेटंट कचेरीतला कुणी कारकून लिहितो, प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही. सकाळपासून तपासतोय, चूक सापडत नाही मेली."

वेंटलांट खुर्चीच्या कडेवर टेकले. "मग... ती जागा?"

"जागेसाठी तीन नावं होती. बाकीच्या दोघांनी प्रकाशाला मागे टाकणारे लेख केव्हाच छापून टाकलेत." टेगेलरांनी केकचा शेवटचा तुकडा उचलला. "ज्यांचं हसं होणार नाही, असे तुम्ही एकटेच उरलात. तो लेख तेवढा घरीच ठेवा."

रिकामं ताट काखेत मारून वेंटलांट घरी आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. हेडविगबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे आठ महिने मी तुम्हाला ढकलत होते, ते फुकटच?"

"फुकट कसं?" ताट टेबलावर ठेवत ते हळूच म्हणाले. "केक पोचला की वेळेत."