टर्बोरावांस तेलाचा आग्रह जाहला त्याची हकीकत

श्री. वंगण वाहते राहो, चक्र फिरते राहो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी राजे यांणी आपले मोटारीस टर्बो बसविला. टर्बो म्हणजे इंजिनात वारा कोंबणारे चक्र, महावेगी, आणि तेलावाचून क्षणात जळोन जाणारे. आणि शेजारील संस्थानिकांशी घाट चढण्याची पैज लागली होती, मग राजांनी रथशाळेचे कारभारी त्रिंबकपंत यांस बोलावून बजाविले की, "पंत, चक्रास काही जाहले तर तुमचा कारभार गेला." मग तेलाची नळी कोणती लावावी या विवंचनेत पंत पडले. चक्र घडविणाराने सांगोन पाठविले होते की, नळीचे तोंड मोहरीचे दाण्याएवढे असावे, अधिक तेल चक्रास सोसत नाही. ते ऐकोन पंत थक्क जाहले. "काय हा कद्रूपणा! पाहुणे प्रथमच घरी आले, आणि त्यांस थेंब थेंब वाढायचे? पंक्तीत नको नको म्हणणारासही आपण तूप वाढतो, हे टर्बोराव तर नको म्हणतही नाहीत!" ऐसे बोलोन पंतांनी अंगठ्याएवढी नळी लाविली, आणि त्यांस मोठे समाधान वाटले.

मग पैजेचे दिवशी राजे स्वतः मोटार हाकू लागले, पंत शेजारी बसले, आणि शत्रू संस्थानिकांची मोटार मागे लागली. घाट चढू लागताच टर्बोरावांचे पोटी तेल मावेना, मग ते तेल धुराड्यात उतरले, आणि ऐसा निळा धूर सुटला की डोंगर दिसेना, दरी दिसेना. पंतांनी मागे वळोन पाहिले आणि उपरणे नाकास लाविले. राजे खोकत ओरडले, "पंत, जळाले काय?" पंत कसेबसे बोलिले, "नाही महाराज. जेवण अंमळ अधिक जाहले."

मग मोटार धापा टाकीत माथ्यावर पोहोचली, आणि पाहतात तो मागे कोणीच नाही. शत्रू धुरात वाट चुकोन वळणावरच थांबला होता, आणि आपलेच माणसांस हाका मारीत होता. पंत मान खाली घालोन बडतर्फीची वाट पाहू लागले, तो राजांनी त्यांस कडकडून मिठी मारिली. "शाबास पंत! तोफ न डागता गनीम आंधळा केलात! आजपासोन राज्यातील प्रत्येक मोटारीस हीच नळी लावावी, बारीक नळी लाविणारास हद्दपार करावे." ते ऐकोन पंतांनी राजांचे पाय धरिले, "महाराज, चूक माझी! बारीकच नळी खरी! ऐसे करू नये!" राजे गहिवरोन म्हणाले, "पुरे हा विनय."

मग आज्ञेप्रमाणे घरोघरीच्या मोटारींस अंगठ्याएवढ्या नळ्या लागल्या. येणेप्रमाणे पंतांचा कारभार वाचला. राज्य कोठे आहे, ते मात्र तेव्हापासोन कोणास दिसले नाही.