भोईरमामांचे निरोप

भोईरमामा बोलताना आवाजच काढत नसत. ओठ हलवायचे, हात नाचवायचे, भुवया उडवायच्या आणि शेवटी तेवढं मोठ्यानं विचारायचं, "पोचला का?" आपण मान हलवल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. मी शाळेत दिवसभर घसा फोडून आलेली असे. जिन्यात मामा दिसले की माझं उरलंसुरलं अवसानही गळून जाई.

मामा भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चाळीस माग एकदम सुरू झाले की तिथे कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. मामांनी असे ओठ वाचत अठ्ठावीस वर्षं काढली आणि ती सवय घरी घेऊन आले. मामी वैतागून म्हणायच्या, "देवानं तोंड दिलाय ना? मंग वापरा की!"

मला मात्र ते थांबवून शिकवत. "बाई, सांगनारा एक, ऐकनारा एक, नि मधी खटखट. मागाची बंद करता येते. मानसाच्या डोक्यात असते ती कशी बंद करनार?" हे मी डी.एड.ला जाडजूड पुस्तकातून शिकले होते आणि परीक्षा झाल्यावर विसरलेही होते. खटखट म्हणजे काय ते मला मामांनीच समजावलं, आणि तेही मला चहा हवा असताना.

खालच्या मजल्यावर एकदा मुलगी बघायला पाहुणे आले होते. निघताना ते रस्त्यापलीकडे उभे राहून आपापसांत बोलत होते. मामांनी गॅलरीतून सगळं वाचलं आणि खाली जाऊन जाहीर केलं, "पोरगी पसंत हाय. बापाची मिशी न्हाय पसंत." दुसऱ्या दिवशी पाहुणे होकार घेऊन आले, तर मुलीचे वडील सफाचट तोंडानं दारात उभे. पाहुण्यांनी आधी ओळखलंच नाही.

निरोपाच्या बाबतीत तर मामा फार कडक. "दुसऱ्याच्या निरोपात आपल्या घरचा मीठ टाकायचा न्हाय," हा त्यांचा नियम. एकदा मी थकून म्हटलं, "दूधवाल्याला सांगा, पाणी आमच्या नळालाही येतं." मामांनी ते शब्दाला शब्द सांगितलं, वर माझ्यासारखं कपाळाला हात लावून आणि माझ्या चिडक्या आवाजात सांगितलं. त्या दिवशी त्यांना आवाज बरा सापडला. दूधवाला चार दिवस फिरकला नाही.

मग मामींना अर्धांगवायू झाला. दवाखान्यातून घरी आणल्या, पण वाचा गेली होती. नुसते ओठ थरथरत. दोन मुलगे, मधू आणि सुरेश, गावाकडच्या घरात मधे भिंत घालून राहत होते आणि ती भिंत कुठे घालायची यावरून झालेल्या भांडणानंतर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आईला भेटायलाही दोघे वेगवेगळ्या वेळी यायचे. मामींच्या जिवाला हीच एक टोचणी होती, ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा मामींच्या तोंडाशी वाकून बसत आणि निरोप देत. "मधू, आय बोलते, सुरेशच्या पोरीचा बारसा हाय, तू जा." "सुरेश, आय बोलते, दादा काय बोलला तरी तो दादा हाय." आईचा शब्द, मोडणार कोण? मधू बारशाला गेला. एका रविवारी दोघे भाऊ एकाच ताटलीतले बोंबील खात मामींच्या खाटेशी बसलेले मी पाहिले.

पण मीही तोवर थोडे ओठ वाचायला शिकले होते. मामींचे ओठ मी नीट पाहिले. त्यांत शब्दच नव्हता.

मामा गॅलरीत उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, मामी असं काही बोलत नाहीत."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "तुमाला दिसला?"

"दिसलं."

"दवाखान्यातून आनली तवापासून एक शब्द न्हाय. पन पोरांची आय काय बोलंल, मना ठावं हाय. एवढी वरसं ऐकली तिला."

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय म्हणत असतील?"

विचारायला नको होतं. मास्तरणीची खोड, एका उत्तरावर थांबवत नाही.

मामांनी वळून आत मामींच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरांना सांगाया मी हाय. मना कोन सांगंल, बाई?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला टाळून जिना चढत होते. मी आत गेले, मामींच्या तोंडाशी वाकले, थोडा वेळ तशीच राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "मामा, मामी म्हणतायत, पोरं जेवली, आता तुम्ही पण जेवून घ्या. उपाशी राहू नका."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं कळलं, ते मलाही कळलं. पण डोळे पुसत ते म्हणाले, "बोलतेच ती असा," आणि हात धुवायला मोरीकडे गेले.