माळावरचं आरमार

एका जंगलाला नदी होती, पण जहाज नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. आणखी एक. या गोष्टीत कुणी कुणाला खात नाही. मी दोनदा तपासून घेतलंय. तेव्हा घाबरू नका आणि मांडी घालून बसा.

तर नदीच्या अलीकडे हे जंगल आणि पलीकडे दुसरं रान. ये-जा करायची ती कासवांच्या पाठीवरून. कासवं शेजारच्या राज्यातली होती. मोठाली, शांत, आणि वेळेवर येणारी. एका खेपेचे दोन कंद घ्यायची.

या जंगलात साळूताई नावाची एक साळिंदरीण राहायची. साळिंदर म्हणजे ज्याच्या अंगभर काटे असतात ते. साळूताईला एक पिल्लू होतं. बारशाला त्याचं नाव हौसेने टोचू ठेवलं. तेव्हा कुणाला काय कल्पना? टोचूचे काटे मऊ निघाले. अगदी गवतासारखे.

शेजारणीची पिल्लं त्याच्याच वयाची. त्यांनी अंग झाडलं की खळखळ वाजायचं. टोचूने अंग झाडलं की काहीच ऐकू यायचं नाही.

"होतील हो घट्ट," शेजारीण म्हणायची. "आमच्यांचे तर दुसऱ्या महिन्यातच झाले."

साळूताई मग दिवसभर आपलं काय चुकलं याचा विचार करायची. पोटुशी असताना मुळं कमी खाल्ली का? की जास्त खाल्ली?

पलीकडच्या रानात एक म्हातारा वैद्य होता. जातीने खवले मांजर. अंगावरच्या चिलखतातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. साळूताई एकदा टोचूला कासवावर बसवून त्याच्याकडे घेऊन गेली. वैद्याने एकेक काटा वाकवून पाहिला.

"अजून फार कोवळा आहे. जरा मोठा झाला की, पण पळस फुलायच्या आत, परत घेऊन या, बाई. तीन लेप द्यावे लागतील. एकदा पळस फुलला की काटा जसा असेल तसाच राहतो. मग माझ्या हातात काही नाही."

"पळस नक्की कधी फुलतो हो?"

"फुलला की दिसतो," वैद्य म्हणाला.

साळूताई घरी आली आणि त्याच आठवड्यात महाराजांना स्फूर्ती झाली. महाराज म्हणजे सिंह, हे तुम्हाला सांगायला नकोच.

"आपण परक्यांच्या पाठीवर किती दिवस बसायचं?" महाराजांनी भर सभेत विचारलं. "आपलं स्वतःचं जहाज हवं! आपल्या लाकडाचं, आपल्या हातांनी बांधलेलं!"

सगळ्यांचे डोळे भरून आले. साळूताईचेसुद्धा. भाषण खरोखरच चांगलं होतं.

प्रधान बगळ्याने लगेच पहिलं पाऊल उचललं. पहिलं पाऊल म्हणजे कासवांना बंदी.

"पण जहाज व्हायचंय ना अजून?" साळूताईने हळूच विचारलं.

"म्हणूनच तर," बगळा म्हणाला. "कासवं चालू राहिली तर जहाजाची गरज कुणाला वाटेल?"

याचं उत्तर साळूताईला घरी पोचल्यावर सुचलं. तिचं नेहमी तसंच व्हायचं.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच, की साळिंदरांना पोहता येतं. येतं. साळूताईलाही येत होतं. पण पिल्लाला पाठीवर घेऊन पोहायचं, तर पाठीवर काटे. आणि पिल्लाचं अंग मऊ. झालं समाधान? मग पुढे ऐका.

जहाज बांधायचं काम पाणमांजराकडे आलं. जंगलात पाण्याची सवय असलेला तोच एक सुतार. त्याने नदीकाठची जागा सुचवली.

"काठावर?" सेनापती रानडुक्कर गुरगुरला. "शत्रूला दिसेल की!"

महाराजांनाही काठावरच्या ओलीने खोकला व्हायचा. म्हणून जहाज वरच्या माळावर बांधायचं ठरलं. तिथून नदी दिसतही नव्हती. त्यामुळे गुप्तता चांगली राहिली.

मग जहाज लढाईचं की प्रवाशांचं, यावर वाद झाला. तो पंधरा दिवस चालला. शेवटी पुढचा अर्धा भाग लढाईचा आणि मागचा अर्धा प्रवाशांचा, असं ठरलं. पुढे लाकडी सुळे बसवले. मागे बाकं ठोकली. लष्करी गुपितं दिसू नयेत म्हणून बाकांची तोंडं मागच्या बाजूला केली.

साळूताई रोज माळावर जायची.

"झालं का हो, दादा?"

"लाकूड झालंय, ताई," पाणमांजर म्हणायचं. "खिळे अडलेत. बाभळीचे काटे चांगले होते, पण ते पलीकडच्या रानातले निघाले. परके खिळे चालत नाहीत म्हणे."

शेजारी उभ्या असलेल्या सेनापतींनी साळूताईकडे पाहिलं. पाहतच राहिले.

"बाई, तुमच्या अंगावर एवढे आहेत. देशासाठी थोडे द्याल ना?"

साळूताईने शेपटीजवळचे चाळीस काटे दिले. दुखलं. पण तिने हिशेब केला, चाळीस काट्यांनी जहाज आठवडाभर लवकर होईल. नंतर तिला वाटलं, आपण देशाचा विचार करायचा सोडून आठवड्याचा केला. याचीही तिला थोडी लाज वाटली.

जहाज झालं. मोठं देखणं झालं. राणीसाहेबांनी कुंकू लावलं. मग महाराजांनी जहाजाच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला. मग प्रधानांनी, मग सेनापतींनी, मग सेनापतींच्या मेहुण्यांनी. सत्तावीस नारळ झाल्यावर नाकाडाला भेग गेली, तेव्हा समारंभ आवरता घेतला.

"महाराज," पाणमांजर म्हणालं, "आता हे नदीपर्यंत न्यायचं कसं?"

मध्ये दाट साग होता आणि खाली उतार. हत्तींनी एकदा ढकलून पाहिलं. जहाज हललं नाही, एक हत्ती मात्र घसरला.

बगळ्याने ठराव पुन्हा वाचला. "जहाज पाण्यात उतरलं पाहिजे, एवढंच लिहिलंय. कुठल्या पाण्यात, ते नाही."

मग हत्तींनी जहाजाभोवतीच खड्डा खणला आणि सोंडेने पाणी आणून तो भरला. खड्डा जहाजाहून चार वीत मोठा होता. जहाज तळाला टेकून उभं राहिलं. ते बुडालं नाही. बुडायला जागाच नव्हती.

खड्ड्याच्या एका टोकाला पाटी लागली, 'ऐलतीर'. दुसऱ्या टोकाला लागली, 'पैलतीर'. पाट्या सागवानी होत्या, रुंद आणि गुळगुळीत. पाणमांजराने मन लावून केल्या होत्या. खर्चात हात आखडता घेतला नव्हता.

पहिले प्रवासी कोण, तर साळूताई आणि टोचू. सगळ्यांत जास्त अर्ज तिचेच होते ना. दोघं मागे तोंड करून बसली. तुताऱ्या वाजल्या. बराच वेळ झाला.

"हे निघणार कधी?" साळूताईने विचारलं.

"चला की आता," सेनापती म्हणाले.

"म्हणजे आम्हीच चालायचं?"

"प्रवास प्रवाशानेच करायचा असतो, बाई."

दोघं जहाजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेली आणि उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बगळ्याने नोंद केली, पहिली फेरी सुखरूप.

साळूताईने इकडेतिकडे पाहिलं. "पण वैद्यबुवा कुठेत?"

"त्यांना निमंत्रण धाडलं होतं," बगळा म्हणाला. "त्यांनी यायला हवं होतं."

"ते येणार कसे? कासवं बंद आहेत!"

"मग यात आपला दोष नाही," बगळा म्हणाला आणि फराळाकडे वळला.

"आई," टोचू म्हणाला, "ते बघ, लाल लाल."

माळाच्या कडेला पळस होता. काळ्या कळ्यांमधून दोन फुलं बाहेर आली होती. काल नव्हती. साळूताई रोज बघायची, म्हणून तिला नक्की ठाऊक होतं.

ती पळसाकडे बघत उभी राहिली. मग तिने फराळाकडे पाहिलं. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. मग तिने शेजारच्या पाटीकडे पाहिलं.

आयुष्यात तिने कुणाचं पानसुद्धा न विचारता तोडलं नव्हतं. पाटी उपटतानाही ती "माफ करा हं" म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

पाटी ओढत ती उतार उतरली. सागातून वाट काढत नदीवर आली. पाटी पाण्यात टाकली. ती तरंगली. साळूताईने टोचूला त्यावर पालथं झोपवलं, आणि नाकाने ढकलत पोहायला लागली.

"आई, हे जहाज आहे का?"

"नाही रे. पाटी आहे. घट्ट धर."

"मग जहाज का नाही पोहत?"

"बोलू नकोस, तोंडात पाणी जाईल."

पलीकडे वैद्याने काटे पाहिले आणि मान हलवली. "उशीर केलात, बाई." त्याने लगेच लेप लावायला घेतला. दोन लेप झाले. तिसऱ्या दिवशी सगळं रान लाल झालं.

टोचूचे डावीकडचे काटे टणक झाले. उजवीकडचे मऊच राहिले.

"काही नाही," साळूताई त्याला म्हणाली. "कुणी आलं की तू नुसतं वळून उभं राहायचं. डावी बाजू पुढे. चल, करून दाखव." तिने त्याच्याकडून ते शंभर वेळा करून घेतलं. मग आणखी दहा वेळा. तो कंटाळून रडला, तेव्हा थांबली. आणि ती दोघं तिकडेच राहिली.

इकडे माळावर दुसऱ्या दिवशी पाहणी झाली. पाहतात तर पैलतीर गायब. बगळ्याने जागच्या जागी हुकूम काढला: पैलतीर चोरीला गेल्यामुळे जहाजाच्या सर्व फेऱ्या पुढील सूचनेपर्यंत बंद.

"चोर नदीपार गेलाय," सेनापती माग काढून म्हणाले. "पकडायला पलीकडे जावं लागेल."

महाराज गंभीर झाले. पलीकडे जायचं, तर जहाज हवं. हे जहाज तर बंद. तेव्हा दुसरं बांधायला घ्यावं, याहून मोठं, असं त्याच सभेत ठरलं. माळही ठरला. तो आणखी उंचावरचा होता.

आता तात्पर्य, नाहीतर तुम्ही उठणार नाही.

तात्पर्य: मुलांनो, सरकारी पाटी कधीही उपटू नये. एका आईने जरा दम धरला नाही, की अख्ख्या जंगलाचं आरमार अडकून पडतं.