चारशे बारा जणांची काळजी

सुशांत वडिलांच्या मनगटावर पट्टा बांधायला गेला, तसा मच्छिंद्ररावांनी हात पाठीमागे नेला. संगमनेरला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले मच्छिंद्रराव मुलाकडे कतारमध्ये दोह्याला आले होते आणि हल्ली विसरायला लागले होते. डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असल्याचं सांगितलं, म्हणून सुशांतने एक ॲप शोधून काढलं. पट्टा बांधला की माणूस कुठे गेला, किती झोपला, सगळं घरच्यांच्या फोनवर यायचं.

"माझी झोप कुणाकुणाला कळणार?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याचं उघडं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नव्हतं.

"फक्त घरच्यांना, बाबा. थांबा, मीच घालून दाखवतो."

सुशांतने पट्टा स्वतःच्या हातावर चढवला, न वाचता पटापट 'मंजूर' दाबत गेला आणि उशीर झाला म्हणून तसाच मेट्रोकडे पळाला. घाईत घोळ झाला. रुग्ण म्हणून त्याचंच नाव भरलं गेलं, वडील काळजीवाहक झाले, आणि घरचे म्हणून फोनमधले चारशे बाराच्या चारशे बारा लोक यादीत जाऊन बसले.

तो मेट्रोत टेकतो न टेकतो तोच सगळ्यांना निरोप गेला, की सुशांत एकटाच घराबाहेर पडला आहे. त्याला विस्मरणाचा आजार आहे. गोड बोला, वाद घालू नका.

ऑफिसच्या दारात ड्रायव्हर रहमान उभाच होता. त्याने बॅग घेतली आणि हाताला धरून सुशांतला लिफ्टपर्यंत नेलं. वर त्याच्या वरिष्ठ रिफत मॅडम होत्या, मूळच्या रत्नागिरीच्या. दोनदा नाकारलेली रजा त्यांनी न मागता दिली.

"मॅडम, पण मी ठीक आहे," सुशांत गोंधळून म्हणाला.

मॅडमनी हळूच फोन पाहिला. निरोपाची शेवटची ओळ होती, रुग्ण आपण ठीक असल्याचं सांगेल.

"हो रे बाळा, ठीकच आहेस तू," त्या म्हणाल्या.

बाळा ऐकताच सुशांतने आपला फोन उघडला, प्रकार पाहिला आणि ॲप काढायला गेला, तर ॲपने पासवर्ड मागितला. तो तीनदा चुकला. सुशांतला पासवर्ड आठवत नसल्याचं चारशे बारा जणांना कळलं, आणि नगरची मावशी फोनवर रडू लागली. शेवटी तो शौचालयात जाऊन मदत केंद्राशी बोलत बसला. बाहेर आला तेव्हा सहा जण दाराला कान लावून उभे होते. तो बारा मिनिटं आत असल्याचाही निरोप गेला होता.

मदत केंद्राचं म्हणणं एवढंच, की ॲप फक्त काळजीवाहकालाच बंद करता येतं.

रहमानने त्याला अल सद्द भागातल्या घरी सोडलं. तिथे बायको सुचित्रा शेजाऱ्यांनी आणलेले डबे कुठे ठेवावेत या विवंचनेत होती. मच्छिंद्ररावांनी चष्मा लावला आणि आपल्या फोनवर ॲपच्या अटी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. पाऊण तास वाचत होते. तोवर शेजाऱ्यांचे दोन चहा झाले.

"हे सगळं माझ्या नावानं जाणार होतं ना?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सुशांतला मान वर करवेना.

"चुकलं, बाबा," तो म्हणाला.

मच्छिंद्ररावांनी काळजीवाहक म्हणून फोनवर अंगठा टेकवला आणि ॲप बंद झालं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातला कागद चिकटवलेला होता. माझ्या आजाराबद्दल कोणाला सांगावे, असा मथळा. खाली सुचित्रा, डॉक्टर आणि रहमान. चौथं नाव सुशांतचं होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'अर्ज विचाराधीन'.