पंधराव्या दिवशी पोथी निघून गेली

"वाचन संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पाण्याचा घोटही नाही. आणि कागदावर लिहून दाखवलंस, तर तेही बोलणंच धरायचं, कुमुदिनी."

सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सांगितलं. एकतीस वर्षं मी ते पाळते आहे.

यंदा ह्यांची अँजिओप्लास्टी सुखरूप झाली, तेव्हा मी एकवीस दिवसांच्या वाचनाचा नवस बोलले होते. रोज एक अध्याय, खंड न पाडता. अडचण एकच, पोथीतली अक्षरं मला आता मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. म्हणून ई-रीडर घ्यायचं ठरलं, आणि तो मी निवडला, हे अभिमानाने सांगते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या धर्मेशच्या दुकानात मी मोजून सतरा प्रश्न विचारले.

"भाभी, हा घ्या ना, एकदम हिट आहे."

"ह्याच्यावर वाचनालयाची पुस्तकं उघडतात?"

"नाही. ह्याला फक्त कंपनीकडून विकत घेतलेली चालतात."

"म्हणजे हा सोवळ्यातला. दुसरा दाखवा."

दुसऱ्याला विकतची आणि वाचनालयाची, दोन्ही चालत होती. अक्षरं तर पेरूएवढी व्हायची.

"भाभी, मशीन घ्यायला आलात की मुलीसाठी स्थळ बघायला?" धर्मेशने हात जोडले. मी घेतला.

आमच्या पोथीची ई-प्रत विकत कुठे मिळेना. बदलापूरच्या एका वाचनालयाकडे एकच होती, ती घेतली. चौदा दिवस दृष्ट लागावी असं वाचन झालं.

पंधराव्या दिवशी अंघोळ केली, दिवा लावला, उघडून बघते तर पडद्यावर दोन ओळी. "मुदत संपली. पुस्तक पुढील वाचकाकडे गेले आहे."

अठरावा प्रश्न हाच विचारायचा राहिला होता.

आता पंचाईत बघा. वाचन झाल्याशिवाय बोलता येत नाही, आणि कुणाला सांगितल्याशिवाय वाचन होत नाही. दिवस मावळायच्या आत अध्याय झाला नाही तर ह्यांच्यासाठी बोललेलं सगळं मोडलं. पडदा ह्यांच्यापुढे धरावा, तर ते लिहून दाखवणंच झालं. मी ई-रीडर छातीशी धरून ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि नुसती बघत राहिले.

"काय झालं?" ह्यांनी पेपर खाली ठेवला. "तुळशीला पाणी घालायचं राहिलं, ते?"

मी बघत राहिले.

"मग संकष्टीचा बटाटावडा? वडेवाल्या हिरामणने सांगितलं वाटतं. एकच खाल्ला गं."

मी डोळे मोठे केले.

"बरं, दोन."

एकतीस वर्षं बोलून जे कळलं नाही, ते आता न विचारता बाहेर येत होतं.

"आणि संध्याकाळी पालेगावपर्यंत चालायला जातो म्हणतो ना, तो हिरामणच्या गाडीपर्यंतच जातो. बाकावर बसतो. डॉक्टरांना सांगू नकोस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांचा चेहराच उतरला.

"म्हणजे पुस्तकाचंही कळलं तुला. वाचनालयात मीच नंबर लावला होता. आज सकाळी आलं माझ्या फोनवर." मग हळूच म्हणाले, "रोज उपाशी बसून माझ्यासाठी काय वाचतेस, ते एकदा बघायचं होतं."

मी फोनकडे बोट दाखवलं.

पेरूएवढी अक्षरं केली की फोनवर एका ओळीत दीड शब्द मावतो. ह्यांनी फोन धरला, मी बोटाने सरकवत वाचत गेले. मध्ये दोनदा विमावाल्या बाईंचा फोन येऊन गेला. अडीच तास ह्यांनी हात खाली केला नाही. देवाने माझं माणूस माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि पुस्तक आता चौदा दिवस ह्यांच्याकडे होतं. उरलेले सहा अध्याय आरामात होणार होते.

वाचन संपलं. वडे, बाक, खोटं बोलणं, सगळं भाषण मनात तयार होतं. तोंड उघडलं तर निघालं एवढंच, "चहा ठेवू?"

"ठेव. आणि कुमुद, आजपासून पालेगावपर्यंत. खरंच."

संध्याकाळी ते बूट घालून निघाले. मी बाल्कनीत गेले. विश्वास नव्हता असं नाही, वाळलेले कपडे काढायचे होते. हिरामणने गाडीवरून हाक मारली. ह्यांनी रस्ता ओलांडला, रुमाल नाकाला लावला आणि पलीकडच्या कडेने चालत राहिले.